इमारत आली, माणूस आला नाही: मागास भागाच्या निधीचं गावात काय होतं

दारव्हा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंनी विचारलं आहे: "आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राची नवी इमारत होऊन चार वर्षं झाली. दाराला कुलूप आहे. लहानपणापासून अनुशेष, पॅकेज, विशेष निधी हे शब्द ऐकते आहे. मागास भागाला जादा पैसा देऊन दरी खरंच कमी होते का? की हाच पैसा सरळ लोकांच्या खात्यात टाकलेला बरा?"

ताई, मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत आणि जिल्हा नियोजनात काढली. बरीचशी यवतमाळ आणि वाशीमकडे, सुरुवातीची काही भंडाऱ्याला, तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा झाला नव्हता. तुमच्या उपकेंद्राचं कुलूप मला न बघताही दिसतं, कारण अशा कुलपांच्या फायली ज्या टेबलांवर अडकतात, त्या टेबलांवर मी बसलो आहे. थोडं लांबून सांगतो, पण शेवटी तुमच्या दारापर्यंत येतो.

आधी सरळ उत्तर. जादा निधीने दरी कमी होते. पावसाळ्यात चार महिने तुटणाऱ्या गावाला पूल मिळाला, कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, वीज पोचली, तालुक्याला महाविद्यालय आलं, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि ते त्या पैशानेच झालं. पण आपल्याकडे दरी मोजली गेली ती बांधकामात, आणि भरली गेली तीही बांधकामात. बांधलेलं चालवायला दर महिन्याला जो माणूस लागतो, जो पगार, जी दुरुस्ती, जे विजेचं बिल लागतं, ते त्या हिशेबात नीट आलंच नाही. पुढारलेल्या भागात चालवणारी व्यवस्था आधीपासून उभी असते, म्हणून तिकडे पडलेला रुपया लगेच कामाला लागतो. आपल्याकडे तोच रुपया भिंतीत जातो आणि भिंतीपाशीच थांबतो.

हे असं का झालं ते समजायला मागे जावं लागेल. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार सगळ्यांना माहीत असतो. विदर्भावर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च होईल, सरकारी नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणाच्या प्रवेशात त्याच प्रमाणात वाटा मिळेल, असं त्यात लिहून दिलं होतं. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) आलं. ते कलम एकदा शांतपणे वाचा, ताई. त्यात विकास मंडळं आहेत, विकासखर्चाचं समन्यायी वाटप आहे, आणि तिसरी गोष्टही आहे: तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण आणि राज्याच्या सेवेत नोकरीच्या पुरेशा संधी. म्हणजे पैशाबरोबर माणसंही तयार झाली पाहिजेत हे कलम लिहिणाऱ्यांना नेमकं कळलं होतं. आपण भांडलो ते दुसऱ्या गोष्टीसाठी. तिसरी मागे राहिली.

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची मंडळं प्रत्यक्ष स्थापन व्हायला १९९४ उजाडलं. त्याआधी १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. समितीची रीत समजायला सोपी आहे. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रं घ्यायची, प्रत्येकात राज्याची सरासरी काढायची, आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याला सरासरीपर्यंत आणायला किती रुपये लागतील ते मांडायचं. तो त्या जिल्ह्याचा अनुशेष. सबंध राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटींचा निघाला, त्यात विदर्भाचा १,२४६ कोटींचा. या कामाबद्दल मला आजही आदर आहे. तोवर आपल्याकडे नुसती तक्रार होती, त्या अहवालाने तक्रारीला आकडा दिला. सरकारने अहवाल रीतसर स्वीकारला नाही, तरी पुढचा प्रत्येक वाद त्या आकड्यापासूनच सुरू झाला.

मग निर्देशांक व अनुशेष समिती आली. १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून शेवटी जो अनुशेष मान्य झाला तो १४,००६ कोटींचा, आणि त्यात विदर्भाचे ६,६२४ कोटी. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. दहा वर्षांत राज्याचा अनुशेष चौपटीहून जास्त झाला, आणि विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेला. महागाई आहेच, पण महागाई सगळ्यांना सारखी असते. वाटा वाढला याचा अर्थ आपण हळू चाललो आणि बाकीचे भराभर. २००१ पासून राज्यपालांचे निधीवाटपाचे निर्देश येऊ लागले, त्याने निदान निधी पळवण्याला आळा बसला. मात्र भरून काढायचा होता तो १९९४ चा खड्डा. आपण तो बुजवत असताना पलीकडची जमीन उंच होत गेली.

या मोजणीत एक गोष्ट मला नोकरीच्या पहिल्या वर्षांपासून खुपायची. सिंचनाचा अनुशेष निर्माण झालेल्या क्षमतेवरून धरला जातो. रब्बी समतुल्य हेक्टर काढतात, म्हणजे वेगवेगळ्या पिकांचं भिजलेलं क्षेत्र रब्बीच्या एका मापात आणतात. माप योग्यच आहे. पण क्षमता निर्माण झाली की तो हेक्टर अनुशेषातून वजा होतो. पाणी आलं की नाही, हा वेगळा प्रश्न.

एकदा जानेवारीत मी एका लघुप्रकल्पाच्या पाहणीला गेलो होतो. प्रकल्पाचं नाव सांगत नाही, यवतमाळ जिल्ह्यातलाच. मुख्य कालव्यावरून मायनरला, म्हणजे लहान फाट्याला लागलो आणि पायी चालत टेलपर्यंत, त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत गेलो. सुरुवातीच्या दीड किलोमीटरमध्ये गहू, हरभरा, कुठे भाजीपाला. विहिरींनाही पाणी. पुढे अस्तरीकरण फुटलेलं, फुटलेल्या जागी पऱ्हाट्या आणि मातीची पोती कोंबलेली. त्यापुढे एका विमोचकाचं, म्हणजे शेताकडे पाणी सोडायच्या तोंडाचं गेट नव्हतं, लोखंड कोणीतरी नेलं होतं, आणि तिथे दगड लावून पाणी वळवलं होतं. शेवटच्या सहाशे मीटरवर मायनर होता, पण त्यात बाभळी उगवल्या होत्या. शेतचारी तर नांगरून टाकलेली. जमिनीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा. तिथे एक म्हातारा शेतकरी तुरीच्या काड्या गोळा करत होता. माझ्या हातातली फाईल बघून म्हणाला, "साहेब, तुमच्या कागदावर माहं वावर वल्लं हाये. इथं पाय ठेवून पाहा."

फाईलमध्ये त्याचं वावर खरंच ओलं होतं. क्षमता पूर्ण निर्मित, काम पूर्णत्वाचा दाखला जोडलेला. अनुशेषातून त्याचं नाव निघून गेलं होतं आणि त्याच्या शेतात पाण्याचा थेंब नव्हता.

मी कार्यालयात येऊन विचारलं, तर त्या शाखेत कालवा निरीक्षकाची मंजूर पदं पाच, हजर एक. मोजणीदार नाही. दप्तर कारकून दुसऱ्या शाखेचंही काम बघायचा. पाणी सोडण्याची पाळी सुरू झाली की रात्री मायनरवर फिरणारं कोणी नाही. मग वरचा शेतकरी पाणी सोडेल कशाला? त्यालाही पाळी पुन्हा येईल याची खात्री नसते. पाणी न पोचल्याने खालचा पाणीपट्टी भरत नाही, पाणी मागणीचा नमुना ७ चा अर्जही करत नाही. अर्ज नाहीत म्हणून कागदावर मागणी दिसत नाही. मागणी दिसत नाही म्हणून देखभालीला पैसे कमी, आणि देखभाल नाही म्हणून पाणी पोचत नाही. हे चक्र कुठल्या एका माणसाच्या वाईटपणामुळे फिरत नाही. पाच माणसांच्या पगाराची तरतूद झाली असती तर ते थांबलं असतं.

सरकारी हिशेबात याचं मूळ आहे आणि ते अगदी लेखाशीर्षाच्या, म्हणजे खर्च ज्या खात्यावर टाकतात त्याच्या आकड्यात दिसतं. रस्त्यांचं घ्या. तालुक्यातला प्रत्येक ठेकेदार 'तीस-चौपन्न' आणि 'पन्नास-चौपन्न' म्हणतो. ३०५४ हे महसुली खर्चाचं शीर्ष, ५०५४ भांडवली खर्चाचं. आरोग्याचं २२१० आणि ४२१०. साधारण दोन आणि तीनने सुरू होणारं शीर्ष चालवण्याचं, चार आणि पाचने सुरू होणारं बांधण्याचं. मागास भागासाठी आवाज उठतो तेव्हा मागणी चार-पाचची असते, घोषणाही त्याचीच होते. दोन-तीनच्या रकमेसाठी मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. वित्त विभागाचंही एका अर्थी बरोबर असतं. इमारतीचा खर्च एकदाच, पण एक पद मंजूर केलं की तीस वर्षांचा पगार आणि पुढे निवृत्तिवेतन. म्हणून बांधकामाला जिल्ह्यात मान्यता मिळते आणि पदासाठी मुंबईला फाईल जाते.

गावाच्या पातळीवरही तेच. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) ग्रामपंचायत निधीत ६० टक्के बंधित असायचे, पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेला अबंधित निधी गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरावा, पण पगार आणि आस्थापनेवर नाही, अशी अटच होती. त्याच आयोगाने इमारत नसलेल्या उपकेंद्रांसाठी वेगळं आरोग्य अनुदानही दिलं. भिंतींची सोय झाली. आतल्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

जुनं उदाहरण बघायचं तर पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेले तलाव बघा. मामा तलाव म्हणतात त्यांना. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून जास्त. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, धानाच्या शेतीचा सगळा डोलारा त्यांच्यावर. हे तलाव बांधणाऱ्यांनीच चालवण्याची रीतही घालून दिली होती. उन्हाळ्यात गाळ काढायचा, पाळ म्हणजे तलावाचा बांध नीट करायचा, रोवणीला कोणाच्या बांधीत आधी पाणी जाईल ते ठरलेलं असायचं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, आणि ती जायलाच हवी होती. तलाव सरकारकडे आले, लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे. मालकी आली पण ती रीत कोणाच्याच कामाच्या यादीत आली नाही. मी भंडाऱ्याला असताना कित्येक तलाव बेशरमीच्या झुडपांनी भरलेले होते, पाळीवरून गुरं जाऊन जाऊन ती खचलेली. तिथे नवीन तलावाचे प्रस्ताव मात्र दरवर्षी यायचे, कारण नव्या कामाला निधी होता. त्याच पैशात जुने दहा तलाव पुन्हा भरले असते. आता गाळ काढण्याच्या योजना आल्या आहेत, काही ठिकाणी चांगलं काम झालंही. पण गाळ एकदा काढून भागत नाही. तो दर पावसाळ्यात येतो.

गोसीखुर्दबद्दल लोक नेहमी विचारतात, म्हणून एवढंच सांगतो. पवनी तालुक्यात वैनगंगेवर हा प्रकल्प, २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, मूळ अंदाज ३७२ कोटींचा, उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरचं. पुढे केंद्राने राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घेतला, सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या वर गेली. त्यात पुनर्वसन आहे, वनजमीन आहे, कामाचा दर्जा आणि चौकशा आहेत. पण नियोजनातल्या माणसाला दिसणारं कारण साधं आहे: एकाच वेळी शेकडो कामं सुरू करायची आणि प्रत्येकाला दरवर्षी चिमूट-चिमूट द्यायचं. पंगतीला दोनशे पानं मांडली आणि भात वीस पानांचा असला, तर सगळेच उपाशी उठतात. विदर्भाला कमी मिळालं हे खरं आहे. जे मिळालं ते अशा रीतीने पसरलं गेलं हेही खरं आहे, आणि त्यात आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींचाही हात होता. प्रत्येकाला आपल्या मतदारसंघात नारळ फोडायचा होता.

आता मार्चबद्दल. हा विषय माझ्या मनाला लागून राहिला आहे. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी एप्रिलमध्ये मंजूर दिसतो, पण हातात टप्प्याटप्प्याने येतो. मधेच निवडणुकीची आचारसंहिता, मधेच खर्चावर निर्बंध. तांत्रिक मान्यता द्यायला उपअभियंता हवा, त्याच्याकडे दोन तालुक्यांचा पदभार. पावसाळ्यात काम होत नाही. असं करत फेब्रुवारी येतो आणि मग वरून विचारणा सुरू होते: खर्चाची टक्केवारी किती? जिल्हा परिषदेला निदान पुढच्या वर्षअखेरपर्यंत खर्चाची मुभा असते, बाकी यंत्रणांचा निधी ३१ मार्चला गेला म्हणजे गेला.

एका वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे मोठी रक्कम आली. दुसऱ्या एका जिल्ह्याने समर्पित केलेली, म्हणजे न खर्चता परत केलेली. वीस दिवसांत शाळेची खोली बांधून होत नाही, पाझर तलाव होत नाही. वीस दिवसांत होते ती खरेदी. मग गावोगाव सौर पथदिवे घेतले. मी स्वतः त्या प्रस्तावावर सही केली आहे आणि ती सही मला आठवते. लोक खूश झाले, दिवे छान लागले. बॅटरी दोन-अडीच वर्षं टिकली. बॅटरी बदलायला लेखाशीर्ष नव्हतं. पुढे एका गावी गेलो तर दिव्याच्या खांबाला म्हैस बांधलेली होती. त्या गावाच्या नावावर मागासभागाचा तेवढा निधी 'खर्च' झालेला आहे, ताई. उद्या कोणी संशोधक आकडे काढेल तर म्हणेल, या गावाला एवढं दिलं तरी ते पुढे गेलं नाही.

खर्च न करू शकणारा तालुका म्हणजे निधी नको असलेला तालुका नव्हे. तिथे खर्च करणारे हात नसतात. सक्षम जिल्हा डिसेंबरात खर्च संपवतो आणि मार्चमध्ये आणखी मागतो, आणि त्याला मिळतो. म्हणजे मागासांसाठी काढलेला पैसा वर्षअखेरीला पुढारलेल्यांकडे वाहत जातो, कोणीही बेकायदा काही न करता.

युरोपीय संघातही असा निधी आहे, १९७५ पासून. ज्या प्रदेशाचं दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, त्याला जास्त वाटा. तिथलं सगळं आपल्याला लागू होत नाही, ते देश श्रीमंत आहेत. पण दोन गोष्टी मला घेण्यासारख्या वाटतात. एक, कार्यक्रम सात वर्षांचा असतो, आताचा २०२१ ते २०२७, आणि एखाद्या वर्षाचा पैसा त्याच वर्षी संपवायची सक्ती नसते, साधारण पुढची तीन वर्षं मिळतात. दुसरी, ज्या उद्योगासाठी पैसे घेतले तो पाच वर्षांच्या आत बंद केला किंवा दुसऱ्या प्रदेशात हलवला तर पैसे परत करावे लागतात. आपल्याकडे १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, मागास तालुक्यातल्या उद्योगाला जास्त सवलत. हेतू उत्तम. पण कोणत्याही लहान तालुक्याच्या एमआयडीसीत चक्कर मारा आणि किती भूखंडांवर नुसतं कुंपण आहे ते मोजा. सवलत कारखाना येण्यासाठी मिळते. तो तिथे टिकावा म्हणून आयटीआयमधून फिटर, वेल्डर निघाला पाहिजे, दिवसभर वीज राहिली पाहिजे. पुन्हा तीच चालवण्याची गोष्ट.

'विदर्भ' हा शब्दही जपून वापरावा लागतो. नागपूर शहर धरून विदर्भाची सरासरी काढली की धारणी, चिखलदरा, एटापल्ली, झरी जामणी दिसेनासे होतात. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुका हा घटक धरून विचार केला, ते मला पटलं. जिल्ह्याच्या सरासरीत मेळघाट अमरावती शहराच्या मागे लपतो. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत आणखी एक अडचण आहे, झुडपी जंगलाची. सातबाऱ्यावर तशी नोंद असली की शाळा, रस्ता, कालवा, सगळ्याला वन कायद्याची परवानगी. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ही जमीन वनच आहे असं स्पष्ट केलं आणि जुन्या वापरासाठी वाट काढून दिली. अशा ठिकाणी निधी असूनही काम दहा वर्षं थांबतं. तेवढ्यात किंमत तिप्पट होते आणि निधी पुन्हा अपुरा पडतो.

२००६ च्या पंतप्रधान पॅकेजचं काय, असंही विचाराल. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटी. त्यातला अर्ध्याहून जास्त भाग सिंचनासाठी होता. व्याजमाफीने त्या हंगामात लोकांना पुन्हा कर्ज मिळायचा मार्ग मोकळा झाला, हे मी बँकेच्या दारातल्या रांगेत पाहिलं आहे. पण त्याच पॅकेजमध्ये दुधाळ जनावरं वाटली गेली, कोरडवाहू गावांत, जिथे उन्हाळ्यात बैलाला कडबा नव्हता. गाय आली, पण दूध संकलनाची गाडी आली नाही, जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना रिकामा. सहा महिन्यांत बऱ्याच गाई बाजारात गेल्या. शेतकऱ्याने विकली म्हणून त्याला नाव ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. घरच्या माणसांना पाणी पुरत नव्हतं, तो गाईला कुठून पाजणार?

तुमचा दुसरा प्रश्न थेट खात्यात पैसे टाकण्याचा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,०००. मी याच्या विरोधात नाही. पेरणीच्या तोंडावर दोन हजार हाती येणं म्हणजे काय, ते सावकाराच्या ओसरीवर बसलेल्याला विचारा. पण प्रदेशातली दरी त्याने कमी होत नाही, कारण रक्कम सगळीकडे सारखीच आहे. सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला तेवढीच, दिग्रसच्या कोरडवाहू कापूसवाल्यालाही तेवढीच. आणि बारा हजार रुपयांत कोणी स्वतःपुरता ट्रान्सफॉर्मर बसवू शकत नाही, पांदण रस्ता करू शकत नाही, नर्स नेमू शकत नाही. या गोष्टी सगळ्यांनी मिळूनच करायच्या असतात. घराचा पैसा घराला द्या, पण गावाचा पैसा त्यासाठी कापू नका.

जिथे जमलं ते एक उदाहरण सांगतो. वाशीमकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नव्हते. येत, दोन महिन्यांत बदली करून घेत किंवा तालुक्याहून ये-जा करत. सगळे म्हणायचे, खेड्यात कोण राहणार? आम्ही एका तरुण डॉक्टरबाईंना सरळ विचारलं, तुम्हाला काय अडचण आहे? त्यांनी निवासस्थान दाखवलं. नळाला पाणी नाही, मागचं दार लागत नाही, रात्री आवारात अंधार. दुरुस्तीच्या शीर्षातून बोअरला पंप बसवला, टाकी दिली, दारं बदलली, आवारात दोन दिवे आणि रात्रीचा शिपाई. नव्या इमारतीच्या मानाने खर्च काहीच नव्हता. त्या बाई तिथे साडेपाच वर्षं राहिल्या. बाळंतपणं तिथेच व्हायला लागली, रात्रीबेरात्री बैलगाडीत, जीपमध्ये घालून बाईला पस्तीस किलोमीटर न्यायचं थांबलं. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरचा पगार मिळतो, तोही याच विचाराचा आहे. माणूस टिकवायला जे लागतं त्यावर खर्च करणं हाच तिथला विकासखर्च.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. ती पुन्हा स्थापन करायचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. मंडळं हवीतच, कारण विधिमंडळापुढे दरवर्षी हिशेब ठेवायची जागा ती होती. पण ती आली तर त्यांनी नवीन अनुशेष मोजताना रिक्त पदं, टेलला पोचलेलं पाणी, वर्षात किती दिवस दवाखाना उघडा होता, हे मोजावं. १०० किलोमीटर रस्त्याबरोबर त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची रक्कमही त्याच दिवशी मंजूर व्हावी. आणि मागास तालुक्याचा न खर्चलेला पैसा दुसरीकडे न जाता तीन वर्षं त्याच तालुक्याच्या नावावर राहावा. माझ्या हातात असतं तर एवढ्या तीनच गोष्टी केल्या असत्या.

आता तुमचं कुलूप. उपकेंद्राच्या दोन फायली असतात आणि लोक एकीचाच पाठपुरावा करतात. इमारतीची फाईल बांधकामाकडे संपलेली आहे. तुम्हाला हवी ती दुसरी, पदमंजुरीची. आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारा: या उपकेंद्राला आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक यांची पदं मंजूर आहेत का? मंजूर असून रिक्त असतील तर जवळच्या उपकेंद्राच्या सेविकेला आठवड्यातले ठरावीक दिवस तिथे बसवण्याचा आदेश जिल्हा आरोग्य अधिकारी काढू शकतात. तो मागा, आणि दिवस-वेळ दारावर लिहून घ्या. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून समुदाय आरोग्य अधिकारी मिळण्यासाठी वेगळा अर्ज करा. पदंच मंजूर नसतील तर तुमचा ठराव जिल्हा परिषदेकडून आरोग्य विभागाकडे गेला की नाही ते बघा. बरेचदा तो पंचायत समितीतच असतो.

आणखी एक, वीज. इमारत ताब्यात देताना मीटर होता का? मी एका उपकेंद्रात पाहिलं आहे, मीटरचा अर्ज कोणाच्या नावाने करायचा यावर दोन कार्यालयांत सात महिने पत्रव्यवहार चालला होता, आणि तोवर लसींचा फ्रिज खोक्यातच होता. ग्रामसभेच्या ठरावात इमारत, पदं, वीज आणि पाणी या चारही गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहा, एका वाक्यात नको, नाहीतर एकीचं उत्तर देऊन बाकीच्या बंद करतात. ठरावाची प्रत देताना पोच घ्या. तीस दिवसांत काही कळलं नाही तर माहिती अधिकारात पदमंजुरीच्या पत्राची प्रत मागा. ते पत्र मिळालं की त्याचा जावक क्रमांक आणि तारीख तुमच्या वहीत लिहून ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक अर्जाच्या पहिल्या ओळीत तोच क्रमांक लागेल.